‘ब’ लिहिलेली डिश

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, तसं काही झालेलं नाही. बाळ लाथा मारतंय, मी खातेपितेय. फोनवरच बोलले असते, पण इथे रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, आणि मागच्या वेळी माझं काय झालं ते माहीत असल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी या खेपेला चढउतार बंद केलीय. मालकांच्या टेबलावर फोन आहे, पण तिथे कुजबुजलं तरी मागच्या शेडपर्यंत ऐकू जातं. म्हणून पत्र. आमचे गाडीवाले काका दर आठवड्याला रोपांचे ट्रे घेऊन तुमच्या शहरातल्या बाजारात येतात, ते तुझ्या संस्थेच्या फाटकावर देतील.

सोबत पाण्याची बाटली आहे. चुकून पिऊ नकोस हं! तुझी सवय मला ठाऊक आहे, समोर दिसेल ते तोंडाला लावायचं.

आता ऐक. पंधरवडा झाला, आमच्या रोपवाटिकेत टोमॅटोची रोपं वेडीवाकडी व्हायला लागलीत. शेंडे खाली वळतात, देठ पिळले जातात, ओलं फडकं पिळून टाकावं तसे. पानं चिंचोळी होतात. आधी एक ट्रे, मग शेजारचा, मग अख्खी रांग. मालक डोकं धरून बसलेत. माझं काम तुला माहीतच आहे. फांद्यांचे तुकडे करायचे, टोकं पांढऱ्या पावडरीत बुडवायची आणि मातीत खोचायची. त्या पावडरीच्या डब्यावर लिहिलंय, ‘मुळे फुटण्यासाठी हार्मोन’. आजवर कधी लक्षच दिलं नव्हतं. परवा मुकादमीणबाई म्हणाल्या, “हार्मोन म्हणजे बायकांच्या अंगात असतं तेच ना गं? रोपांचं हे असं झालं, मग तुझ्या आतल्याचं काय?”

बोलल्या आणि खुशाल चहा प्यायला बसल्या. तेव्हापासून हात धुतेय, धुतेय, आणि धुतेय तेही शेडमधल्या टाकीच्याच पाण्याने. तेच पाणी रोपांना, तेच आम्हा बायकांना प्यायला. बाटलीत तेच आहे.

तू झाडांच्या हार्मोनवरच काम करतेस ना? आजवर तू सांगायचीस आणि मी जांभया द्यायचे. या वेळी जांभई देणार नाही. पावडर असो नाहीतर पाणी, काय आहे ते स्पष्ट सांग. हे म्हणतात मी उगाच जिवाला लावून घेते. असेल. पण मागच्या वेळीही सगळे हेच म्हणाले होते.

पाय कसा आहे? प्लास्टर अजून किती दिवस?

तुझी बाळी

९ फेब्रुवारी

बाळे,

आई व्हायला निघालीस तरी मला तू बाळीच. प्लास्टर अजून आहे. लॅबमध्ये कुबडीवर टुकटुक करत फिरते, लोक आवाज ऐकून वाट सोडतात. तेवढा एक फायदा.

आधी हार्मोनचं. मुकादमीणबाईंना म्हणावं, पुस्तकाचं पान आणि झाडाचं पान, दोन्ही पानंच ना? तसं आहे हे. शब्द एक, वस्तू वेगळ्या.

झाडाच्या पेशीत एक आचारी बसलाय असं समज. म्हणजे ते एक प्रथिन आहे, पण तू आचारीच समज. कुठली पाककृती कधी काढायची ते तो ठरवतो. पाककृती म्हणजे जनुकं. एरवी त्याच्या मांडीवर एक लठ्ठ बोका बसलेला असतो, त्यामुळे बिचाऱ्याला उठता येत नाही. हार्मोन आलं की बोक्याची उचलबांगडी होते, आचारी उठतो आणि रांधायला लागतो. मग मुळं फुटतात, खोड वाकतं, सगळं होतं. या आचाऱ्याच्या मागे माझी अर्धी उमर गेली. आई तर म्हणते, त्याच्याशीच लग्न लावून टाका हिचं. तर सांगायचं ते हे, की माणसाच्या शरीरात हा आचारीही नाही आणि तो बोकाही नाही. तुझी पावडर तुझ्या बाळाला काही सांगायला गेली तरी ऐकणारं तिथे कुणी नाही. तरी हातमोजे घाल. भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नकोस.

पण रोपं पिळली जातात हे मला अजिबात आवडलेलं नाही. तणनाशकांची एक जात असते, ती याच हार्मोनची नक्कल. बोका जातो तो परत येतच नाही, आचारी रांधत सुटतो आणि रोप स्वतःलाच पिळून मरतं. लक्षणं अगदी तू लिहिलीस तशी. आणि तसलं औषध पिण्याच्या पाण्यात असणं ही वेगळी गोष्ट. आपल्यात आचारी नसला म्हणून विष गोड होत नाही, आणि तुझ्या या दिवसांत तर मुळीच नाही. तेव्हा खरं सांग, तिथे कुणी तणनाशक मारलंय का? टाकीजवळ?

दरम्यान मी पाणी तपासते. माझ्याकडे मोहरीच्या कुळातली अगदी इवलीशी रोपं आहेत. आचारी उठला की त्यांची मुळं निळी दिसतात, तशी सोय आम्ही करून ठेवलीय. तुझं पाणी त्यांना पाजायचं. निळी झाली तर पाण्यात तसलं काहीतरी आहे. काचेच्या डिशमध्ये रोपं काढून ठेवलीत आणि वर तुझ्या नावाचा ‘ब’ घातलाय, ठळक.

माझं उत्तर येईपर्यंत टाकीचं पाणी प्यायचं नाही. घरून ने. ऐकतेस ना?

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

ऐकते. घरून बाटल्या नेते. घरचं पाणी वरच्या झऱ्याचं, ते हे आणून देतात. शेडमध्ये माझ्या बाटल्यांची थट्टा चालते, “आल्या राणीसाहेब पाणी घेऊन.” पण गंमत बघ, थट्टा करणाऱ्यांतल्याच दोघीतिघी आता स्वतःच्या बाटल्या आणायला लागल्यात. एकीचं मूल अंगावर पितंय. ती रोज मला विचारते, “तुझ्या ताईचं आलं का गं काही?” मालकांच्या कानावर गेलं. म्हणाले, शास्त्रज्ञ बहीण असली म्हणून इथे अफवा पिकवायच्या नाहीत.

आचारी आणि बोका मी सगळ्यांना सांगितला. मुकादमीणबाई म्हणाल्या, आमच्या घरी आचारी मी आणि बोका सासरा. काम थांबवून हसलो. हसल्यावर बरं वाटतं, पण घरी आले की पुन्हा पोटावर हात ठेवून बसते. हललं नाही की जीव घाबरा होतो, फार हललं की आणखी घाबरा.

तणनाशकाचं विचारलंस. नाही, इथे कुणी मारलेलं नाही. मी यांना विचारलं. फवारणीचं सगळं यांच्याकडेच असतं, मारलं असतं तर यांना माहीत असतं.

निकाल लवकर पाठव. हात जोडते.

बाळी

२३ फेब्रुवारी

बाळे, बाळे, बाळे!

पांढरी! बर्फासारखी पांढरी! एक टिपूस निळा नाही. तुझं पाणी चांगले दोन दिवस पाजलं, मग रंग उमटवणारं औषध घातलं, मग सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या टोकापासून वरपर्यंत बघितलं. शेजारी आमच्या नळाच्या पाण्याची डिश होती. तिच्यात मुळाच्या टोकाला नेहमीचा निळा ठिपका होता, तुझ्या डिशमध्ये तेवढाही नाही! पाणी नळापेक्षाही साधं आहे म्हणायचं.

आणि तूच लिहिलंस की तणनाशक कुणी मारलेलं नाही. मग दोन्हीचा मेळ बसला. रोपांचं दुखणं दुसरं काही असेल. पांढऱ्या माशीने आणलेला रोग असेल, शेडमध्ये उष्मा कोंडला असेल. मालकांनी बघावं, तो त्यांचा प्रश्न.

तू आता बाटल्यांचं ओझं उचलणं बंद कर. या दिवसांत ते जास्त वाईट. टाकीचं पाणी पी, सगळ्यांना सांग, त्या अंगावर पाजणाऱ्या मुलीलाही सांग. म्हणावं, ताईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आता जरा झोप. मीही झोपते. हे तीन आठवडे मीही घाबरले होते, तुला लिहिलं नाही इतकंच.

ताई

३ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी शेडच्या मधोमध उभी राहून रडले. सगळ्या धावत आल्या, त्यांना वाटलं झालं काहीतरी. मग मी मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बर्फासारखी पांढरी’ ऐकल्यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी टाकीचा नळ सोडला आणि सगळ्यांच्या देखत पेला भरून प्यायले. दुसरा भरून त्या पाजणाऱ्या मुलीच्या हातात दिला. ती घुटमळत होती. म्हटलं, “अगं, माझी ताई आहे. बिनधास्त पी.” प्यायली बिचारी. मालक चक्क माझ्याकडे बघून हसले.

एक आठवडा झाला. आता बाटल्या नाहीत, ओझं नाही, हात हलके.

एक मात्र आहे. तू म्हणालीस म्हणून शेडचे पडदे वर केले, माश्यांसाठी चिकट पट्ट्या लावल्या. तरी नवीन पेरलेलं मिरचीचं रोपही पिळायला लागलंय. हे नुसते टाकीकडे बघत बसतात. विचारलं की खेकसतात. असा माणूस नाही गं तो.

कंबर दुखते आहे जरा. असेल वजनाने.

बाळी

४ मार्च

बाळी,

टाकीचं पाणी पिऊ नकोस. हे आधी वाच, मग पुढचं. पिऊ नकोस, हात धुऊ नकोस, कुणालाही पिऊ देऊ नकोस. निकाल चुकला. मी चुकले.

काल संध्याकाळी मिरचीचं वाचून मी तशीच उठले. टोमॅटोचे रोग मिरचीला होतात, हे मी स्वतःलाच समजावत होते. पण पटेना. लॅबमध्ये गेले, चाचणी पुन्हा लावायची म्हणून पडताळ्याला दुसऱ्याच एका कामासाठी ठेवलेली ‘बहिरी’ रोपं काढली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एक जात आहे, तिच्यातला बोका मांडीला चिकटलेला असतो. हार्मोनचा पूर आणला तरी हलत नाही, आचारी कधी उठत नाही, मूळ कधी निळं होत नाही. म्हणून आम्ही तिला बहिरी म्हणतो. रात्री त्या डिशमध्ये हार्मोन घातलं तर काही तासांतच मुळं निळीशार झाली. बहिऱ्याने ऐकलं! मी डिश उलटी करून बघितली.

बहिऱ्या रोपांच्या डिशवर आम्ही काय लिहितो माहीत आहे? ‘ब’. वर्षानुवर्षं लिहितोय. आणि त्या दिवशी तुझ्या डिशवर मी काय लिहिलं? लाडाने लिहिलं गं. अंकाने लिहायचं सोडून तुझ्या नावाने लिहिलं, कारण ते पाणी माझ्या बाळीचं होतं. दोन्ही डिश एकाच फळीवर होत्या. मी कुबडी काखेत धरून हात लांब केला आणि ‘ब’ उचलला. तुझं पाणी मी बहिऱ्याला पाजलं आणि त्याला विचारलं, काही ऐकू येतंय का!

नळाच्या पाण्यालासुद्धा टोकाला ठिपका असतो, तुझ्यात तेवढाही नव्हता. ते बघूनच मी थांबायला हवं होतं. मी ते तुला आनंदाची बातमी म्हणून लिहिलं. मुद्दाम हार्मोन घालून एक डिश शेजारी ठेवायची, हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. या वेळी ठेवली नाही. मला पांढरंच बघायचं होतं.

बाटलीत उरलेलं पाणी पहाटे खऱ्या रोपांना दिलं, दोन दिवस थांबावंही लागलं नाही. टोकापासून वरपर्यंत निळं आहे.

मालकांना फोन केला. म्हणाले, “त्या आज आलेल्या नाहीत,” आणि ठेवून दिला. का आली नाहीस? पुन्हा केला तर उचलत नाहीत. तुमच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या दवाखान्याचा नंबर शोधतेय. हे पत्र गाडीची वाट न बघता टपालाने पाठवतेय.

भरपूर दुसरं पाणी पी. डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सगळं सांग, काही लपवू नकोस. मला शिव्या दे, पण जा.

ताई

६ मार्च

बाळी,

काही कळत नाही. दवाखान्यात काल फोन लागला, एका नर्सबाईंना पाण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. तुझं नाव सांगितल्यावर त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, “डॉक्टर आल्या की बोलतील,” आणि लाइन तुटली. त्या का थांबल्या? तेव्हापासून फोन घेऊन बसलेय. लागत नाही, लागला तर उचलत नाहीत.

प्रत्येक तासाला वाटतं आता पेला भरत असशील. प्लास्टर काढून टाका म्हणून भांडून आले, डॉक्टर काढत नाहीत. ही ओळ मिळाली तर कुणाकडून तरी एक शब्द कळव. एकच शब्द.

ताई

१० मार्च

ताई,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम मिळाली, दवाखान्यातल्या खाटेवर. हे घेऊन आले. मी झोपूनच लिहितेय, अक्षर समजून घे.

चार तारखेला सकाळी डाग दिसला. मला वाटलं संपलं. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. यांनी मला गाडीवाल्या काकांच्या गाडीत, रोपांच्या रिकाम्या ट्रेच्या मधे जागा करून झोपवलं आणि खाली आणलं. वाटभर हे एकच बोलत होते, “माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं.” मला वाटलं भीतीने बरळताहेत.

बरळत नव्हते. शेडच्या वाटेवरचं तण मालकांनी काढायला सांगितलं होतं, ते यांनी तणनाशक मारून जाळलं आणि फवाऱ्याचा पंप टाकीवर धुतला. टाकीला फट आहे, धुवण आत झिरपलं. रोपं पिळायला लागली तेव्हाच यांच्या लक्षात आलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. आणि ताई, मीही तुला खोटं लिहिलं. यांना विचारलं तेव्हा ते ‘नाही’ म्हणाले खरे, पण मान खाली घालून म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी ते तुला लिहिलं नाही. तू विचारलंस, ‘खरं सांग.’ मी सोयीचं सांगितलं.

पण राग तुझाच आला आहे. तो सांगते, मनात ठेवत नाही. यांचं तोंड बघून मला शंका होती, रोपं बघून शंका होती. तुझं पत्र आलं आणि मी सगळ्या शंका कचऱ्यात टाकल्या. घरचं पाणी सोडून मी ते पाणी प्यायले ते फक्त तुझ्या शब्दावर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर प्यायले नसते. तू लाडाने ‘ब’ लिहिलास म्हणतेस. नको होता गं मला तो लाड.

आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तुझा फोन आल्यामुळे त्यांना पाण्याचं माहीत होतं. रक्त तपासायला पाठवलंय. डाग थांबला आहे. काल मला ठोके ऐकवले, भरभर चाललेत, मी इतकी रडले की नर्सबाई रागावल्या. डाग पाण्यामुळे पडला की आपसूक, ते कुणालाच सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. बाळाला काही झालंय का, तेही आत्ता सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, “मी तुला खोटा धीर देणार नाही. दिवस भरेपर्यंत वाट बघायची.”

यांनी परवा मालकांसमोर सगळं कबूल केलं. टाकी फोडली, नोकरी गेली. शेडमधल्या सगळ्या बायका इथे येऊन तपासून गेल्या. ती पाजणारी मुलगीही आली होती. बाळाला कडेवर घेऊन माझ्या खाटेशी उभी राहिली. मी म्हटलं, “पेला मी दिला तुला.” तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या बाळाचंही रक्त घेतलंय.

अजून तीन महिने आहेत. इथे जो येतो तो सांगतो, सगळं चांगलं होईल. गाडीवाले काका तेच म्हणतात, हेही तेच म्हणतात, आणि कुणी तसं म्हणालं की मला ओरडावंसं वाटतं. तू लिहितेस, डॉक्टर प्लास्टर काढत नाहीत. उचलून आणायला सांग कुणाला तरी. मला समजवायला येऊ नकोस, माफी मागायला येऊ नकोस, आचारी आणि बोका सांगायला तर मुळीच नको. इथे माझ्या शेजारी दुसरी खाट रिकामी आहे. ये, आणि माझ्याबरोबर घाबर.

बाळी